ऑक्सफर्डहून परळपर्यंत

समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना परदेशातील अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचे आकर्षण मोठे आहे. कुणी चार-सहा आठवड्यांच्या उन्हाळी वर्गासाठी जातो, कुणी एका सत्रासाठी. तेथील वस्त्यांतील संस्था पाहायच्या, आश्रयगृहे पाहायची, टिपणे काढायची, प्रमाणपत्र घ्यायचे आणि परतायचे. घरच्यांनी कर्ज काढलेले असते किंवा एखाद्या न्यासाने विमानभाडे दिलेले असते. परत आल्यावर प्रश्न उभा राहतो, की तिकडे जे पाहिले त्याचे इकडे करायचे काय?

हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी तरुणापुढे उभा होता. तेव्हा समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था भारतात नव्हती, ‘समाजकार्य’ हा शब्दही आजच्या अर्थाने रूढ झाला नव्हता. जमखंडी संस्थानातील एका गरीब मराठा कुटुंबातला हा तरुण दोन वर्षांसाठी ऑक्सफर्डला गेला, पदवी न घेता परतला आणि सुमारे तीन वर्षांनी मुंबईच्या गिरणगावात त्याने एक शाळा उघडली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. अस्पृश्यता निवारणाच्या संदर्भात ते पाठ्यपुस्तकांतूनही येते. मात्र त्यांच्या आयुष्यातील १९०१ ते १९०३ ही दोन वर्षे बहुधा एका ओळीत उरकली जातात. ती तशी उरकण्याजोगी नाहीत.

जमखंडी ते गिरगाव

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. हे गाव आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. घरात मराठी, दारात कानडी अशा वातावरणात ते वाढले. वडील रामजीबाबा वारकरी वृत्तीचे, आई यमुनाबाई सोशिक. घरात भजन होते, पाहुण्यांची वर्दळ होती आणि दारिद्र्यही होते. १८९१ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि १८९३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या वेळी प्राचार्यपदी गोपाळ गणेश आगरकर होते. डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची मदत मिळाली, म्हणून १८९८ मध्ये ते बी. ए. होऊ शकले.

या काळातील एक घटना त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यांची बहीण जनाबाई हिचा विवाह लहानपणीच झाला होता आणि सासरी तिचा छळ होत होता. शिंदे यांनी तिला परत आणले, पुण्याला नेले आणि हुजूरपागेच्या शाळेत घातले. स्वतःचे शिक्षण इतरांच्या मदतीवर चाललेले असताना परित्यक्ता बहिणीला शिकविण्याची जबाबदारी घेणे, ही त्या काळी विद्यार्थिदशेतील तरुणाने सहज उचलावी अशी गोष्ट नव्हती. पुढे हीच जनाबाई, म्हणजे जनाक्का, परळच्या चाळीतून घरोघर फिरणार होती.

मिल्ल, स्पेन्सर यांच्या वाचनाने त्यांच्या जुन्या श्रद्धा हलल्या होत्या. पण भजनाच्या वातावरणात वाढलेल्या मनाला नुसत्या अज्ञेयवादाने समाधान मिळेना. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांचा प्रार्थना समाज त्यांना जवळचा वाटू लागला. कायद्याच्या अभ्यासासाठी ते मुंबईला आले खरे, पण तो अर्ध्यावर सोडून त्यांनी धर्मप्रचारकाचे आयुष्य पत्करायचे ठरविले. वकिली म्हणजे घराची गरिबी संपण्याची खात्री होती. घरच्या माणसांना हा निर्णय कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

एक वेगळेच महाविद्यालय

इंग्लंडमधील युनिटेरियन पंथ आणि इकडील ब्राह्म व प्रार्थना समाज यांचे संबंध राजा राममोहन रॉय यांच्या काळापासूनचे होते. अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशक जे. टी. सुंदरलँड १८९५-९६ च्या सुमारास भारतात येऊन गेले आणि त्यानंतर येथील उदार धर्माच्या तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देण्याची प्रथा पडली. बंगालमधून बिपिनचंद्र पाल याच वाटेने गेले होते. प्रार्थना समाजाच्या शिफारशीने ही शिष्यवृत्ती शिंदे यांना मिळाली. प्रवासखर्चाचा भार सयाजीराव महाराजांनी उचलला. सप्टेंबर १९०१ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. मागे आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई, बहिणी असा मोठा परिवार होता आणि मिळवते कुणी नव्हते.

मँचेस्टर कॉलेज हे नाव फसवे आहे. ही संस्था १७८६ मध्ये मँचेस्टरला निघाली, गावे बदलत गेली आणि १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आली. तेथील मॅन्सफील्ड रोडवरची तिची दगडी इमारत १८९३ मध्ये उघडली. इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या मतांवर स्वाक्षरी केल्याशिवाय ऑक्सफर्डची दारे उघडत नसत, अशा काळात त्या मतांना नकार देणाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी काढलेली ही शाळा. १८७१ च्या कायद्याने विद्यापीठातील धार्मिक अटी बहुतांशी रद्द झाल्या, तेव्हा ती ऑक्सफर्डमध्ये येऊ शकली. मात्र शिंदे यांच्या काळात ती विद्यापीठाचा अधिकृत भाग नव्हती आणि तेथे शिकून पदवी मिळत नव्हती. विद्यार्थ्याने अमुकच धर्ममत मानले पाहिजे, अशी अटही नव्हती. जगभरच्या धर्मांचा तुलनेने अभ्यास करायचा आणि निष्कर्ष स्वतः काढायचा, अशी रीत होती.

प्राचार्य जेम्स ड्रमंड, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक चार्ल्स अप्टन आणि तुलनात्मक धर्माचे प्राध्यापक जे. एस्टलिन कार्पेंटर हे तेथील प्रमुख अध्यापक. यांपैकी कार्पेंटर यांचा शिंदे यांच्यावर सर्वांत खोल ठसा उमटला. ते पाली भाषेचे पंडित होते; ऱ्हिस डेव्हिड्स यांच्यासमवेत त्यांनी ‘दीघ निकाय’ संपादित केला होता. शिवाय आणखी एक धागा होता. १८६६ पासून अनेकदा भारतात येऊन स्त्रीशिक्षणासाठी आणि तुरुंगसुधारणेसाठी खटपट करणाऱ्या मेरी कार्पेंटर या त्यांच्या आत्या. ब्रिस्टलच्या गरीब वस्त्यांतील रस्त्यावरच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या आणि बालगुन्हेगारांसाठी सुधारगृहे उभारणाऱ्या या बाईंचे चरित्र या भाच्यानेच लिहिले होते. म्हणजे ज्या माणसापाशी शिंदे बौद्ध धर्म शिकले, त्याच्या घरातच गरीब वस्तीत जाऊन काम करण्याची परंपरा होती.

वर्गाबाहेरचे इंग्लंड

शिंदे इंग्लंडमध्ये होते तो काळ तेथील समाजसेवेच्या दृष्टीने विलक्षण होता. चार्ल्स बूथ यांचे लंडनमधील दारिद्र्याचे प्रचंड सर्वेक्षण त्याच सुमारास पूर्ण होत होते. १८८९ पासून निघत असलेल्या त्याच्या खंडांची मालिका १९०३ मध्ये सतराव्या खंडाने संपली. जगातील सर्वांत श्रीमंत शहरातले सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात आहेत, हा त्याचा निष्कर्ष होता. १९०१ मध्ये सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची पाहणी प्रसिद्ध केली आणि तेथेही प्रमाण जवळजवळ तेवढेच निघाले. पूर्व लंडनमधील टॉयन्बी हॉल १८८४ मध्ये निघाला होता. ऑक्सफर्डचे विद्यार्थी तेथे जाऊन राहत, कामगारांचे वर्ग घेत, वस्तीचे प्रश्न समजून घेत. मँचेस्टर कॉलेजच्या शेजारच्याच मॅन्सफील्ड कॉलेजने कॅनिंग टाउन या गोदी कामगारांच्या भागात असेच एक केंद्र चालविले होते. समाजसेवा हा शिकण्याचा विषय आहे, ही कल्पना रुजत होती. लंडनच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने १९०३ मध्ये समाजकार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी स्वतंत्र शाळाच सुरू केली.

युनिटेरियनांची स्वतःची ‘डोमेस्टिक मिशन’ ही चळवळ याहून जुनी. तिचे कार्यकर्ते शहरातील अत्यंत गरीब वस्त्यांत घरोघर जात. आजाऱ्याची चौकशी, मुलांची शाळा, दारूपासून माणसाला सोडविणे, बायकांना शिवण शिकविणे, रविवारी प्रार्थना असे त्या कामाचे स्वरूप. दान द्यायचे नाही असे नव्हे, पण आधी ओळख करायची आणि ती टिकवायची, हा त्यातला गाभा होता. शिंदे यांनी सुट्यांमध्ये या कामाची माहिती करून घेतली, गरीब वस्त्या पाहिल्या. साम्राज्याच्या राजधानीत इतकी घाण आणि इतके दैन्य असू शकते, हे हिंदुस्थानातून जाणाऱ्या बहुतेकांना दिसत नसे. कारण ते तिकडे जातच नसत.

अर्थात, त्यांनी केवळ दैन्यच पाहिले असे नाही. इंग्लंडमधील सरोवरांचा प्रदेश आणि स्कॉटलंड त्यांनी पाहिला, पॅरिसला ते जाऊन आले. या सगळ्याची हकिगत ते पत्रांतून लिहीत आणि ती प्रार्थना समाजाच्या ‘सुबोधपत्रिके’तून प्रसिद्ध होत असे. त्या काळी विलायतेला जाऊन आलेल्यांची प्रवासवर्णने कमी नव्हती. पण बऱ्याच जणांची नजर दिपलेली असे, नाहीतर नाक मुरडलेले. शिंदे यांचे लेखन या दोन्हीहून वेगळे आहे. एखाद्या इंग्रज कुटुंबातील जेवणाची पद्धत, खेड्यातील लोकांचे वागणे, उपासनेतील शिस्त, बायकांचे सार्वजनिक कामातील स्थान याकडे ते जमखंडीच्या घराची आठवण ठेवून पाहतात. समाजशास्त्राचा विद्यार्थी निरीक्षण कसे करतो, हे पाहायचे असेल तर ती पत्रे आजही वाचावीत. त्यांची रोजनिशीही पुढे डॉ. गो. मा. पवार यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. तिच्यातला माणूस पत्रांतल्यापेक्षा अधिक एकाकी, अधिक चिंताग्रस्त आहे.

अभ्यासक्रम संपल्यावर सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे उदार धर्माच्या विचारवंतांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे हिंदुस्थानातील उदार धर्म या विषयावर शिंदे यांनी निबंध सादर केला. तीस वर्षांच्या या तरुणाने त्यात आपल्या देशाची बाजू मांडताना ती इंग्लंडची शाखा म्हणून मांडली नाही. संतांच्या भक्तिपरंपरेपासून प्रार्थना समाजापर्यंत ही एक स्वतंत्र धारा आहे, ही त्यांची भूमिका पुढेही कायम राहिली. तेथून युरोपातील काही शहरे पाहत ऑक्टोबर १९०३ मध्ये ते मुंबईला परतले.

परतल्यानंतरची तीन वर्षे

हातात पदवी नव्हती. सरकारी नोकरीच्या दृष्टीने ऑक्सफर्डच्या त्या दोन वर्षांचे मोल शून्य होते. प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून ते अल्प वेतनावर कामाला लागले. उपासना चालविणे, व्याख्याने देणे, देशभरातील समाजांना भेटी देणे हे त्यांचे काम. इंग्लंडमध्ये पाहिलेली एक युक्ती त्यांनी लगेच इकडे आणली. ती म्हणजे ‘पोस्टल मिशन’, दूरच्या गावातील जिज्ञासूंना टपालाने धार्मिक वाङ्मय पाठविण्याची योजना. ती उपयुक्त होती, पण तिच्याने मन भरण्यासारखे नव्हते.

फिरताना त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरेच काही येत होते. बडोद्यात सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी काढलेल्या शाळा त्यांनी पाहिल्या. १९०१ च्या खानेसुमारीच्या अहवालांतून अस्पृश्य जातींची प्रांतवार संख्या आणि स्थिती त्यांनी वेचून काढली आणि ती लेखांतून मांडली. भावनेच्या आवाहनाआधी आकडे ठेवायचे, ही पद्धत तोपर्यंत आपल्याकडच्या सुधारकांत फारशी नव्हती. तिचा संबंध इंग्लंडमधील त्या वातावरणाशी जोडण्याचा मोह होतो आणि तो अगदीच चुकीचा नसावा.

पण आकडे एकटे माणसाला हलवत नाहीत. १९०५ मध्ये ते अहमदनगरला गेले असता जवळच्या भिंगार येथील अस्पृश्य मंडळींनी त्यांना रात्री आपल्या सभेला बोलाविले. दिवसभर काम करून जमलेली ती माणसे मध्यरात्रीपर्यंत बसली होती. आपल्यासाठी कुणी काही करणार आहे काय, हा त्यांचा प्रश्न शिंदे यांच्या मनातून पुढे गेला नाही. आपले आयुष्य या कामाला द्यायचे, हा निश्चय त्या रात्रीचा असल्याचे मानले जाते.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ भागात, ग्लोब मिलसमोरील मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात अस्पृश्य मुलांसाठी पहिली शाळा उघडली. ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी ऑफ इंडिया’, मराठीत ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’, या संस्थेची ती सुरुवात. अध्यक्ष न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर, उपाध्यक्ष शेठ दामोदरदास सुखडवाला आणि सरचिटणीस स्वतः शिंदे. सुखडवाला यांनी दिलेल्या एक हजार रुपयांच्या देणगीवर काम उभे राहिले. शिक्षणाचा प्रसार करणे, रोजगार मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे आणि शील व उदार धर्माचा प्रचार करणे ही संस्थेची उद्दिष्टे.

जागा परळ असणे हा योगायोग नव्हता. कोकणातून आणि देशावरून आलेली महार, चांभार, मांग कुटुंबे गिरण्यांभोवतीच्या चाळींत राहत. १८९६ पासूनच्या प्लेगने या वस्त्यांचे हाल सर्वांना दिसले होते. गिरगावातील प्रार्थना मंदिरात बसून या लोकांपर्यंत पोचता येणार नाही, हे शिंदे यांनी ओळखले. त्यांनी आपले कुटुंबच तिकडे हलविले. आईवडील, पत्नी, बहिणी सर्व जण मिशनच्या जागेत, अस्पृश्य मुलांसमवेत राहू लागले. वारकरी रामजीबाबांनी म्हातारपणी हे स्वीकारले, ही साधी गोष्ट नाही. टॉयन्बी हॉलमधील ऑक्सफर्डचा पदवीधर वस्तीत राहायला जाई, तेव्हा त्याच्या मागे आरामाचे घर शिल्लक असे आणि काही वर्षांनी तो तेथे परतू शकत असे. शिंदे कुटुंबाला जातीच्या समाजात परतण्याची वाट सोपी उरली नव्हती.

१९०७ मध्ये ‘निराश्रित सेवासदन’ निघाले. सेविकांनी चाळीचाळींतून फिरावे, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी, बाळंतिणींची विचारपूस करावी, बायकांना शिवण शिकवावे, मुले शाळेत का येत नाहीत ते आईला विचारावे, असे त्याचे स्वरूप होते. जनाक्का यात पुढे होत्या. सय्यद अब्दुल कादर आणि त्यांच्या पत्नी कल्याणीबाई हे दांपत्यही होते. इंग्लंडमधील घरोघर फिरण्याच्या त्या पद्धतीशी याचे साम्य उघड आहे. पण तेथे कार्यकर्ता आणि गरीब यांच्यात वर्गाची भिंत होती. येथे शिवाशिवीची होती. उंबरठा ओलांडणे हेच येथे निम्मे काम होते. हातचे पाणी पिणे हा कुठल्याही इंग्रजी पुस्तिकेत न लिहिलेला धडा.

यानंतर शाळा वाढल्या, वसतिगृह निघाले. १९०८ मध्ये पुण्यात शाखा निघाली. कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन हे इंग्रज शास्त्रज्ञ तिच्याशी अध्यक्ष म्हणून जोडले गेले. हुबळीला शाखा गेली आणि तेथील काम सय्यद यांनी पाहिले. १९१२ मध्ये शिंदे स्वतः पुण्याला आले. त्याच वर्षी तेथे अस्पृश्यता निवारण परिषद भरली. नगरपालिकेकडून मिळालेली जागा आणि इंदूरच्या होळकर महाराजांची देणगी यांतून नाना पेठेत पुढे ‘अहिल्याश्रम’ उभा राहिला. होळीतील बीभत्सपणा थांबविण्याची मोहीम आणि मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्धची परिषद ही कामे याच वर्षांतली.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. शिंदे यांचे सर्व काम विलायतेतून आले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महात्मा फुले यांनी पुण्यात अस्पृश्य मुलांच्या शाळा अर्धशतक आधीच काढल्या होत्या. मंगळूरला कुदमुल रंगराव यांनी १८९७ पासून हेच काम चालविले होते. खुद्द अस्पृश्य समाजात गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांच्यासारखे लोक जागृती करीत होते. ऑक्सफर्डने शिंदे यांना करुणा दिली नाही. ती जमखंडीच्या घरात होती. तेथे मिळाली ती संस्था बांधण्याची रीत. जबाबदारीची वाटणी, हिशेब, वार्षिक अहवाल, देशभर शाखा, पूर्णवेळ कार्यकर्ते आणि जुन्या धर्मग्रंथांकडे न घाबरता पाहण्याची सवय.

दोन्ही बाजूंची धग

कौतुक फार दिवस पुरले नाही. १९१० मध्ये प्रार्थना समाजाच्या प्रचारकपदावरून ते बाहेर पडले. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत झाला. त्यामागे त्यांची अनेक वर्षांची खटपट होती. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीरावांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारणाची अखिल भारतीय परिषद भरली. लोकमान्य टिळक तेथे आले, बोलले आणि सभेने त्यांचे स्वागत केले. मात्र व्यक्तिगत आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी स्वाक्षरी केली नाही. शिंदे यांचा टिळकांच्या राजकारणाकडे ओढा होता, हे लक्षात घेतले तर ही घटना त्यांना किती बोचली असेल ते समजते.

दुसरी धग याहून तीव्र होती. मे १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदे कौन्सिलातील सभासदांनी निवडावेत, अशी शिंदे यांच्या मिशनची भूमिका होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला कडाडून विरोध केला. आपला प्रतिनिधी आपण निवडणार, इतरांनी निवडलेला माणूस इतरांचाच राहणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आणि लंडनचे शिक्षण पुरे करण्यासाठी निघण्याच्या तयारीत असलेले आंबेडकर तेव्हा २९ वर्षांचे होते. परदेशी शिक्षण घेतलेल्या दोन माणसांमधील हा मतभेद होता. आणि त्यात आज मागे वळून पाहताना आंबेडकरांची बाजू बळकट दिसते. सेवा करणारा माणूस ज्यांची सेवा करतो त्यांच्या वतीने बोलू शकतो का, हा त्यातला खरा प्रश्न. इंग्लंडमधील मिशनांनी तो स्वतःला विचारला नव्हता. तिकडून आलेल्या नमुन्यातच ही उणीव होती.

शिंदे यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९२० च्या कौन्सिल निवडणुकीत पुण्यातून मराठ्यांसाठी राखीव जागा उपलब्ध असताना ते सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले, कारण जातवार जागांची कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. ते पडले. ब्राह्मणेतर पक्षाने त्यांना आपले मानले नाही, सनातन्यांनी बाटगा ठरविले, अस्पृश्य तरुण मिशनचा कारभार आपल्या हाती मागू लागले. १९२३ मध्ये त्यांनी मिशनची सूत्रे सोडली. सतरा वर्षांच्या कामातून बाहेर पडताना त्यांच्याजवळ घरदार, पैसा यांपैकी काही साठलेले नव्हते.

पुढचा काळ विखुरलेला वाटतो. १९२४ मध्ये ते मंगळूरला ब्राह्मसमाजाचे आचार्य म्हणून गेले आणि तेथून वायकोमचा सत्याग्रह पाहून आले. शेतकरी परिषदांतून ते बोलले. १९३० च्या कायदेभंगात त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी येरवड्याचा तुरुंग पाहिला.

ऑक्सफर्डचे खरे फळ मात्र याच उतारवयात दिसले. बौद्ध समाज आणि तेथील बहिष्कृत लोक यांचा अभ्यास करण्यासाठी १९२७ मध्ये ते ब्रह्मदेशात हिंडले आणि १९३३ मध्ये त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेचे मूळ शोधताना त्यांनी वैदिक वाङ्मय, बौद्ध साहित्य, जातिनामांची व्युत्पत्ती, वस्त्यांची रचना असे पुरावे एकत्र आणले. त्यांचे सर्वच निष्कर्ष आज टिकतील असे नाही. पण या प्रश्नाकडे दयेचा विषय म्हणून न पाहता इतिहासाचा विषय म्हणून पाहणारे मराठीतील हे आरंभीचे मोठे काम आहे. कार्पेंटर यांच्या वर्गात बसलेला विद्यार्थी त्यात पानोपानी भेटतो. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ या आत्मचरित्रात त्यांनी विलायतेच्या दिवसांना जी जागा दिली आहे, तीही पाहण्यासारखी आहे.

२ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मुंबईत नागपाडा येथे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सुरू झालेल्या, भारतातील समाजकार्याच्या पहिल्या शिक्षणसंस्थेला त्याच १९४४ मध्ये ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले. शिंदे यांची पहिली शाळा आणि ही संस्था यांच्यामध्ये तीस वर्षांचे आणि काही मैलांचे अंतर होते. ऑक्सफर्डच्या त्यांच्या कॉलेजला १९९६ मध्ये विद्यापीठाचे पूर्ण महाविद्यालय म्हणून मान्यता मिळाली. ‘हॅरिस मँचेस्टर कॉलेज’ हे त्याचे आजचे नाव. वयाने थोडे मोठे झालेल्या, आयुष्यात आधी दुसरे काही करून मग शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनाच तेथे प्रवेश दिला जातो.